एका जनुकाच्या आडोशाला: एसआर३१ आणि यूजी९९ यांचे प्रकरण

युगांडाच्या नैऋत्येकडील डोंगराळ भागात कालेंग्येरे येथे एक गहू संशोधन केंद्र आहे. १९९८ साली तेथील चाचणी क्षेत्रात गव्हाच्या काही लाइनींच्या (पैदाशीत वेगळ्या राखलेल्या वंशांच्या) खोडावर काळ्या तांबेऱ्याचे, म्हणजे खोड-तांबेरा या बुरशीजन्य रोगाचे, फोड आढळले. त्या उंचीवर आणि त्या दमट हवेत तांबेरा येणे ही काही बातमी नव्हती. ज्यांच्यावर तो यायला नको होता अशा लाइनींवर तो आला होता, ही खरी बातमी होती. या लाइनींमध्ये एसआर३१ हे प्रतिकारक जनुक होते (एसआर ही खोड-तांबेऱ्याविरुद्धच्या जनुकांची खूण) आणि तोवर जगात कोठेही या जनुकावर मात करणारी खोड-तांबेऱ्याची रेस, म्हणजे बुरशीचा प्रकार, नोंदली गेलेली नव्हती. नमुने दक्षिण आफ्रिकेत झाकारियास प्रिटोरियस यांच्याकडे गेले. एसआर३१ असलेल्या तपासणी वाणांच्या रोपांवर त्या बुरशीचे बीजाणू सोडले असता, जेथे बारीक, खुरटे ठिपके दिसायला हवे होते तेथे भरदार, फुटलेले फोड उमटले. २००० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. देश आणि वर्ष जोडून या रेसला यूजी९९ हे नाव पडले. पुढे रेस ओळखण्याच्या सांकेतिक पद्धतीत तिची नोंद टीटीकेएसके अशी झाली.

या घटनेकडे बहुधा बुरशीच्या बाजूने पाहिले जाते: एक भयंकर रेस निर्माण झाली आणि ती वाऱ्यावर पसरली. येथे मात्र ती पैदासकाराच्या बाजूने मांडली आहे, कारण यूजी९९ ने जे नुकसान संभवनीय केले ते बुरशीत एक बदल होण्याआधीची पंचवीस वर्षे गव्हाच्या निवडक्षेत्रात हळूहळू तयार होत होते.

राईची भुजा

एसआर३१ हे मुळात गव्हाचे जनुक नाही. ते राईचे आहे; ही राई म्हणजे मोहरी नव्हे, तर गव्हाच्या नात्यातले ‘राय’ हे तृणधान्य. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीत गहू आणि पेटकुस राई यांच्या संकरांतून अशी झाडे मिळाली, ज्यांच्यात गव्हाच्या १बी गुणसूत्राची आखूड भुजा जाऊन तिच्या जागी राईच्या १आर गुणसूत्राची आखूड भुजा बसली होती. हे स्थानांतरण १बीएल.१आरएस या नावाने ओळखले जाते. क्रास्नोदार येथे पावेल लुक्यानेन्को यांनी तयार केलेल्या काव्काझ आणि अव्रोरा या हिवाळी गव्हाच्या वाणांत ते उतरले. तेथून मेक्सिकोतील सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेने काव्काझ उचलला आणि वसंत गव्हाशी त्याचा संकर केला. काव्काझ, बुहो, कल्याणसोना आणि ब्लूबर्ड यांच्या वंशावळीतून ‘वीरी’ नावाचा लाइनींचा गट निघाला. तेथील पैदासकार संजय राजाराम यांच्या काळात या गटाने सिमिटच्या गहू कार्यक्रमाचा चेहराच बदलला. मेक्सिकोत सेरी ८२ व जेनारो ८१ आणि पाकिस्तानात पाक ८१ ही त्याच गटाला वेगवेगळ्या देशांत मिळालेली नावे होत.

राईच्या त्या एका भुजेवर चार जनुके शेजारी-शेजारी होती: काळ्या तांबेऱ्यासाठी एसआर३१, पानावरील तपकिरी तांबेऱ्यासाठी एलआर२६, पिवळ्या तांबेऱ्यासाठी वायआर९ आणि भुरीसाठी पीएम८. गव्हाच्या पेशीत पीएच१ हे जनुक राईच्या भुजेला गव्हाच्या भुजेशी जोडी जमवू देत नाही, त्यामुळे ही चारही जनुके पिढ्यान्‌पिढ्या एकाच गठ्ठ्याने पुढे जातात. पैदासकाराला यापेक्षा सोयीचे काय असणार? एक भुजा निवडली की चार रोगांचा बंदोबस्त. शिवाय या भुजेसोबत उत्पादनाची स्थिरता आणि पाण्याचा ताण सोसण्याची क्षमताही वाढल्याचे अनेक ठिकाणच्या चाचण्यांत दिसले.

याची किंमतही होती. राईची सेकॅलिन प्रथिने गव्हात आली आणि ग्लूटेन बांधणीत उपयोगी पडणारी काही प्रथिने गव्हाच्या गेलेल्या भुजेबरोबर गेली. त्यामुळे अशा गव्हाची कणीक मशीनमध्ये चिकटते आणि पाव नीट फुगत नाही. बेकरी उद्योगाने याबद्दल बरीच कुरकुर केली. रोगाची तक्रार मात्र कोणीच करत नव्हते आणि बाजारात ज्याची तक्रार नाही ते पुढे जाते, तसे ते स्थानांतरण शेकडो वाणांत पसरले.

टिकाऊपणाचे चुकीचे वाचन

एसआर३१ सुमारे तीन दशके टिकले. प्रतिकारक जनुकांच्या हिशेबात हा मोठा काळ आहे आणि त्यामुळे त्याच्याविषयी ‘टिकाऊ’ असा लौकिक निर्माण झाला. पण टिकाऊ म्हणजे नेमके काय? ज्या जनुकासमोर दरवर्षी कोट्यवधी बीजाणू येऊन आपटतात आणि तरी ते ढळत नाही, ते टिकाऊ. जेथे शत्रूच फारसा फिरकला नाही, तेथे वर्षे मोजून टिकाऊपणा सिद्ध होत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काळा तांबेरा बहुतेक गहू उत्पादक प्रदेशांत मागे हटला होता. लवकर पक्व होणारे वाण आले, पूर्वीच्या वाणांत इतर एसआर जनुके होती आणि उत्तर अमेरिकेत तर बार्बेरी या पर्यायी यजमान झुडपाचे (ज्यावर ही बुरशी लैंगिक पुनरुत्पादन करते) निर्मूलन मोठ्या प्रमाणावर झाले होते. थोडक्यात, एसआर३१ ची बहुतेक वर्षे शांततेत गेली आणि ती शांतता त्याच्या नावावर जमा झाली.

त्याच भुजेवरील इतर तीन जनुकांची कथा पाहिली असती, तर हे वाचन बदलले असते. एलआर२६ आणि पीएम८ आधीच अनेक भागांत निकामी झाली होती. वायआर९ चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. त्यावर मात करणारा पिवळा तांबेरा १९८० च्या दशकाच्या मध्यास पूर्व आफ्रिकेत दिसला, मग येमेन, इराण, तुर्कस्तान असा सरकत १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दक्षिण आशियात पोहोचला आणि वाटेत वीरी गटातील वाणांवर त्याने मोठे नुकसान केले. म्हणजे पूर्व आफ्रिकेत उगम, अरबी द्वीपकल्पावरून पूर्वेकडे प्रवास आणि एकाच भुजेवर उभी राहिलेली प्रचंड लागवड, ही सारी गणिते यूजी९९ च्या आधीच मांडून झाली होती. जनुक तेवढे शेजारचे होते.

जे दिसतच नव्हते

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची बाब निवडीच्या पद्धतीत आहे. एसआर३१ रोपावस्थेपासून पक्वतेपर्यंत काम करते आणि यूजी९९ पूर्वीच्या रेसांविरुद्ध ते जवळजवळ पूर्ण संरक्षण देई. चाचणी क्षेत्रात अशा लाइनीवर काळ्या तांबेऱ्याची नोंद शून्याच्या आसपास येते. आता या लाइनीत एसआर३१ च्या जोडीला दुसरे एखादे मंद प्रतिकारक (रोगाला थांबवण्याऐवजी मंदावणारे) जनुक असो वा नसो, नोंद तीच राहणार. छप्पर शाबूत असेपर्यंत भिंतीत मुरलेली ओल दिसत नाही, तसेच हे. ज्या झाडांत जुने, सौम्य पण भरवशाचे प्रतिकारक गुण होते आणि ज्यांत ते नव्हते, ती दोन्ही प्रकारची झाडे निवडणाऱ्याच्या डोळ्यांना सारखीच निरोगी दिसली. मग निवड उत्पादनावर, दाण्याच्या आकारावर, पक्वतेच्या काळावर झाली आणि पार्श्वभूमीतील ते गुण राखण्याचा कोणताही दबाव उरला नाही.

हे गव्हापुरते नाही. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याबाबत वनस्पतिरोगशास्त्रज्ञ व्हॅन डर प्लँक यांनी १९६३ मध्ये हाच धोका दाखवून दिला होता. व्हर्टिफोलिया या बटाट्याच्या वाणात प्रभावी एकेरी जनुकांच्या आडोशाला पैदास होत राहिली आणि ती जनुके ढळली तेव्हा त्या वाणात मागे काहीच उरले नव्हते, असे त्यांनी मांडले. तो परिणाम त्या वाणाच्या नावानेच ओळखला जातो. एसआर३१ च्या बाबतीत तो पूर्णपणे लागू पडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण सिमिटच्या साहित्यात एसआर२ हे जनुक बऱ्याच लाइनींत शिल्लक होते. मात्र कोणत्या लाइनीत ते आहे आणि कोणत्यात निसटले आहे, हे काळ्या तांबेऱ्याच्या दबावाशिवाय शेतात कळण्याचा मार्ग नव्हता.

एसआर२ चे मूळ येथे सांगितले पाहिजे, कारण तेही संकरातूनच आलेले आहे. अमेरिकेत एडगर मॅकफॅडन यांनी यारोस्लाव्ह नावाच्या खपली गव्हाचा मार्क्विस या पावाच्या गव्हाशी संकर केला आणि १९२० च्या दशकात त्यातून होप हा वाण तयार झाला. खपलीतील एसआर२ होपमार्गे मेक्सिकोच्या वाणांत उतरले. रोपावस्थेत त्याचा काही उपयोग दिसत नाही. प्रौढ झाडावर ते तांबेऱ्याला थांबवत नाही, तर मंदावते: फोड कमी येतात, बऱ्याचदा पेरांजवळच राहतात, आणि हवामान अनुकूल असेल तेव्हा कांडीवर व ओंबीच्या तुसांवर एक काळसर छटा उतरते. ही छटा रोगाची नसून जनुकाची खूण असते. नव्या तपासनिसाला ती रोगट वाटते, अनुभवी मात्र तीच झाडे बाजूला काढून ठेवतो. तीव्र साथीत एकट्या एसआर२ चे संरक्षण अपुरे पडते, पण जवळजवळ शतकभर कोणत्याही रेसने त्याला निकामी केलेले नाही.

न्जोरोचे चाचणी क्षेत्र

यूजी९९ २००१ मध्ये केनियात आणि २००३ मध्ये इथिओपियात नोंदली गेली. २००५ मध्ये तज्ज्ञ समितीने पूर्व आफ्रिकेतील परिस्थितीचा आढावा घेतला आणि हरितक्रांतीचे जनक मानले जाणारे नॉर्मन बोरलॉग यांनी वयाच्या नव्वदीत या धोक्याविषयी जगाला जाहीरपणे सावध केले. त्यातून उभ्या राहिलेल्या जागतिक उपक्रमाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. केनियातील न्जोरो येथे आणि ड्युरम गव्हासाठी इथिओपियातील डेब्रे झैत येथे जगभरच्या लाइनी पेरून तपासल्या जाऊ लागल्या. सुरुवातीच्या निष्कर्षांनी सर्वांना हादरवले: जगात लागवडीखाली असलेल्या गव्हापैकी सुमारे ९० टक्के वाण यूजी९९ ला बळी पडू शकणारे निघाले.

न्जोरोचे महत्त्व समजण्यासाठी तेथे नोंद कशी होते हे पाहावे लागेल. चाचणीच्या ओळींभोवती रोगाला सहज बळी पडणाऱ्या वाणाच्या पसरवणाऱ्या ओळी पेरतात आणि त्यांत बुरशी टोचतात, म्हणजे बीजाणूंचा मारा सर्व लाइनींवर सारखा होतो. मग खोडावरील तीव्रता सुधारित कॉब मापपट्टीवर टक्क्यांत लिहितात. या पट्टीवरील १०० टक्के म्हणजे प्रत्यक्षात पृष्ठभागाचा ३७ टक्के भाग फोडांनी व्यापलेला असतो, कारण त्याहून जास्त फोड मावतच नाहीत. तीव्रतेसोबत फोडाचा स्वभावही लिहितात: लहान आणि भोवती पिवळसर, मृत ऊती असलेला की मोठा, मोकळा आणि पावडर सोडणारा. ‘२० मध्यम प्रतिकारक’ आणि ‘२० संवेदनक्षम’ या दोन नोंदींत टक्का एकच असला, तरी पैदासकारासाठी त्यांचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत. एसआर३१ च्या काळात हरवलेली माहिती नेमकी हीच होती, कारण शून्याच्या रांगेत असा भेद दिसत नाही.

२००६ पासून मेक्सिको आणि केनिया यांच्यात फिरती पैदास सुरू झाली: मेक्सिकोत संकर, न्जोरोत रोगाच्या माऱ्याखाली विलग होणाऱ्या (झाडागणिक गुण वेगळे दिसणाऱ्या) पिढ्यांतील निवड, पुन्हा मेक्सिकोत उत्पादनाची कसोटी. सिमिटमधील रवी सिंग यांच्या गटाचा भर एका मोठ्या जनुकाऐवजी चार-पाच मंद जनुके एकत्र आणण्यावर होता. किंगबर्ड ही लाइन त्याचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात एसआर२ आणि एसआर५७ यांच्याबरोबर इतरही लहान परिणामाची जनुके आहेत, आणि न्जोरोतील माऱ्यातही तिच्यावरील तीव्रता कमीच राहिली आहे. एसआर५७ म्हणजेच एलआर३४. एकाच जागेवरचे हे जनुक तिन्ही तांबेरे आणि भुरी यांना मंदावते. २००९ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा ते बुरशीची प्रथिने ओळखणाऱ्या नेहमीच्या कुळातले नसून पेशीपटलातून पदार्थ वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे निघाले. ओळखच नसल्याने बुरशीला ओळख चुकवून निसटण्याची सोपी वाट राहत नाही.

पुन्हा तीच चाल

एवढे होऊनही एकेरी जनुकांचा मोह सुटला नाही, हे या प्रकरणातले खेदाचे पान आहे. यूजी९९ विरुद्ध एसआर२४ प्रभावी होते, म्हणून एसआर२४ असलेला म्वांबा हा वाण केनियात मोठ्या क्षेत्रावर गेला. २००६ मध्येच केनियात यूजी९९ च्या कुळात एसआर२४ वर मात करणारी रेस आढळली आणि पुढच्या वर्षी म्वांबावर साथ आली. त्यानंतर एसआर३६ वर मात करणारी रेस दिसली. पुढे केनियातील रॉबिन या वाणात एसआर-टीएमपी हे जनुक होते. त्यावर मात करणारा यूजी९९ चा प्रकार २०१४ मध्ये केनियात नोंदला गेला. इथिओपियात त्याच जनुकावर उभा असलेला डिगालू हा वाण २०१३-१४ मध्ये यूजी९९ कुळाबाहेरच्याच टीकेटीटीएफ या रेसने झोपवला. या साथीने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली: सर्वांचे डोळे एका रेसवर खिळलेले असताना दुसरी तयारच असते.

गव्हाच्या संकरित नातेवाइकाची, म्हणजे ट्रिटिकेलची, अवस्थाही याहून वेगळी नव्हती. गहू आणि राई यांच्या संकरातून बनलेले हे तृणधान्य प्रारंभी तांबेऱ्यापासून बरेच मुक्त राहिले, तेव्हा राईच्या रक्तामुळेच ते सुरक्षित आहे असा समज पसरला. ऑस्ट्रेलियात कूरोंग या ट्रिटिकेल वाणाचा भरवसा राईच्याच एसआर२७ वर होता आणि १९८२ मध्ये तेथे त्यावर मात करणारी रेस सापडली. नवे धान्य, पण संरक्षण एका जनुकावर, निकाल जुनाच.

राईबाबत मात्र सरसकट निराश होण्याचे कारण नाही. राईच्या त्याच भुजेवर, पण पेटकुसऐवजी इंपिरिअल राईतून गव्हात आलेले एसआर५० हे जनुक यूजी९९ विरुद्ध काम करते, आणि अमिगो या गव्हात दुसऱ्या एका राईची तीच भुजा १ए गुणसूत्राशी जोडली गेली आहे, तीही. म्हणजे ‘राईची १आरएस भुजा’ असे एकच लेबल लावून साहित्य गोळा करणे चुकीचे होते. भुजा कोणत्या राईची, हे पाहायला हवे होते.

भारतातील पीबीडब्ल्यू ३४३ ची हकिकत या मांडणीला जरा वेगळी दिशा देते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने १९९५ मध्ये प्रसारित केलेला हा वाण सिमिटच्या अट्टिला या साहित्यातून आला आणि त्यात १बीएल.१आरएस होते. ऐन भरात तो सुमारे ७० लाख हेक्टरवर होता, म्हणून यूजी९९ च्या चर्चेत सर्वाधिक काळजी त्याचीच होती. ती रेस येमेनमार्गे २००७ मध्ये इराणपर्यंत पोहोचली. पीबीडब्ल्यू ३४३ मात्र काळ्या तांबेऱ्याने पडला नाही. पिवळ्या तांबेऱ्याविरुद्ध त्यात वायआर९ च्या जोडीला वायआर२७ होते. त्यावरही मात करणारी ७८एस८४ ही रेस आली आणि वायव्येकडील मैदानी पट्ट्यात या वाणाचे दिवस संपले. ज्या दारावर पहारा बसवला त्याच्या शेजारच्या दारातून रोग आत आला. नंतर एजिलॉप्स या जंगली गवतांच्या दोन प्रजातींतील प्रतिकारक तुकडे मार्करच्या (जनुक ओळखण्याच्या डीएनए-खुणेच्या) मदतीने घालून उन्नत पीबीडब्ल्यू ३४३ तयार झाला.

बुरशीही संकरित

२०१९ मध्ये यूजी९९ च्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने पैदासकारांच्या एका मूलभूत गृहीतकाला धक्का दिला. तांबेऱ्याच्या बीजाणूत दोन वेगळी केंद्रके असतात. यूजी९९ मधील एक केंद्रक आफ्रिकेतील एका जुन्या कुळाशी तंतोतंत जुळले. हे कुळ ऑस्ट्रेलियात १९५४ पासून परिचित आहे. दुसरे केंद्रक वेगळ्याच मूळचे होते. लैंगिक पुनरुत्पादन न होता, दोन बुरशींच्या तंतूंच्या मिलाफात केंद्रकांची अदलाबदल होऊन ही रेस जन्मली असावी, असा त्याचा अर्थ. बार्बेरीशिवाय नव्या रेसा फक्त एकेका उत्परिवर्तनाने हळूहळू घडतात, या समजुतीवर आधारलेला हिशेब त्यामुळे अपुरा ठरतो.

याचा थेट संबंध सध्याच्या सर्वांत आशादायक प्रयत्नाशी आहे. २०२१ मध्ये एसआर२२, एसआर३५, एसआर४५, एसआर५० आणि एसआर५५ ही पाच जनुके एकाच जागी साखळीने बसवलेला पारजनुकीय (प्रयोगशाळेत बाहेरून जनुके घातलेला) गहू तयार झाल्याचे प्रसिद्ध झाले. ही पाचही जनुके एकाच गठ्ठ्याने पुढच्या पिढीत जातात, त्यामुळे पैदासकाराला राईच्या भुजेइतकीच सोय मिळते, आणि यावेळी गठ्ठ्यातील जनुके चार वेगळ्या रोगांऐवजी एकाच रोगाविरुद्ध आहेत. बुरशीला एकाच वेळी अनेक बदल करावे लागतील, हा युक्तिवाद उत्परिवर्तनाच्या बाबतीत भक्कम आहे. पण केंद्रकांच्या अदलाबदलीत अनेक गुण एकदम नव्या जोडीत येऊ शकतात आणि साखळीतील एसआर५० किंवा एसआर३५ जर इतरत्र एकट्यानेच वाणांत सोडले गेले, तर बुरशीला ती कडी वेगळी सोडवून सराव करण्याची संधी मिळते. एसआर५५ हे मंद गटातील असून साखळीत ते मुद्दाम घेतले आहे, ही रचनेतील दूरदृष्टी मानावी लागेल; मात्र ज्या गव्हात ही साखळी बसवायची त्याच्या स्वतःच्या पार्श्वभूमीत एसआर२ आणि एसआर५७ आहेत की नाहीत, हे साखळी बसवण्याआधी, न्जोरोसारख्या ठिकाणी साखळीविना पेरूनच तपासावे लागते. साखळी बसल्यावर ती लाइन पुन्हा शून्याच्या रांगेत जाते आणि मग ते तपासता येत नाही.